'बारकोड मारणे' म्हणजे नेमकं काय करणे?

धागाकर्ता (कोल्हापूर)

गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल-हातकणंगले इथल्या कारखान्यांना मी लेबलचे रोल, रिबन (लेबल छापायची शाईची पट्टी) आणि प्रिंटर पुरवतो. प्रिंटरशेजारी भिंतीवर लावायचा सूचनांचा कागद मराठीतच असावा, हा माझा आग्रह. वाचणारी माणसं मराठी आहेत. हा कागद लिहिताना बारकोड, लेबल, टॅग या नामांनी मला कधी अडवलं नाही. अडवतं ते क्रियापद.

स्टोअरमध्ये दिवसभर ऐकू येणारी वाक्यं बघा. 'बारकोड काढ' म्हणजे छाप. 'बारकोड संपला' म्हणजे रोल संपला. 'बारकोड लागंना' म्हणजे एक तर लेबल चिकटत नाही, नाही तर स्कॅनर वाचत नाही. आणि 'बारकोड मार' म्हणजे छाप, चिकटव, स्कॅन कर, यातलं काहीही. एका कारखान्यात पहिल्या पाळीनं निरोप ठेवला, 'सगळ्या पेट्यांना बारकोड मारून गाडी भरा.' दुसऱ्या पाळीनं लेबलं नीट चिकटवली आणि गाडी भरली. स्कॅन कुणीच केलं नाही. माल पुण्याच्या वाटेला लागला आणि कॉम्प्युटरवर तो गोदामातच पडून होता.

माझी सूचना अशी: बारकोड हा शब्द फक्त काळ्या-पांढऱ्या रेघांसाठी ठेवावा, कागदाला लेबल म्हणावं आणि रेघांखालच्या आकड्यांना नंबर. क्रियापदं तीनच, छापणे, चिकटवणे, वाचणे. 'मारणे' कागदावरून काढून टाकावं का? तुमच्याकडं काय बोलतात तेही सांगा.

स्टोअर सांभाळणारा (शिरोली)

'मारणे'वर एवढा राग नको दादा. शिक्का मारतो, रंग मारतो, हवा मारतो, गाठ मारतो. हातासरशी उरकायच्या कामाला मराठीत 'मारणे' लागतं आणि ते शोभतं. आमच्या फौंड्रीत तर ते शब्दशः खरं आहे. तयार नगावर आकड्यांचे पंच हातोडीनं मारून नंबर उमटवतात. भट्टीच्या एका वितळणीला हीट म्हणतात. तिचा नंबर नगावर असला की वर्षभरानं तक्रार आली तरी त्या दिवशीच्या धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, हे काढता येतं. पंच मारणारा हातच पुढं लेबलावर आला, तेव्हा क्रियापदही सोबत आलं.

त्यामुळं शब्द काढू नका, कशानं मारायचं ते जोडा. 'पंच मारा', 'स्कॅनर मारा'. लेबल मात्र 'लावा'.

जाता जाता कामाचं: शॉट ब्लास्टिंगच्या आधी नगावर लेबल लावण्यात अर्थ नाही, छऱ्यांच्या माऱ्यात ते टिकत नाही. मशिनिंगनंतर गंजू नये म्हणून तेल लावतात. तिथं क्रोमो कागदावर वॅक्स रिबननं छापलेल्या रेघा बोटानं पुसल्या जातात. पॉलिस्टरचं लेबल आणि रेझिन रिबन घ्या. महाग पडतं, पण गिऱ्हाइकाच्या दारात वाचलं जातं.

गूळवाला (शाहू मार्केट यार्ड)

आमच्यात लेबल बी म्हणत न्हाईत आणि बारकोड बी न्हाई, 'मार्का' म्हणत्यात. कुणाचा मार्का, यावर भाव. तीस किलोच्या रव्याला, म्हंजे गुळाच्या ढेपेला, कसलं लेबल आलंय? पण आता एक किलोचं, अर्ध्या किलोचं बॉक्स दुकानात जायला लागलं, तवा बारकोड आला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन हाय, म्हंजे कुठला गूळ हे दाखवायला तर पायजेच.

माझं म्हणणं बॉक्सवर छापत्यात त्या 'बॅच नंबर' शब्दावर हाय. गुऱ्हाळात काहिलीत एका टायमाला जेवढा रस शिजतो त्याला आदण म्हणत्यात. एका आदणाचा गूळ एका रंगाचा, एका चवीचा. दुसऱ्या आदणाला गुळव्यानं जरा उशिरा काहील उतरली की रंग बदलला. मग लेबलावर 'आदण नंबर' का नको? शेतकऱ्याला सांगाय लागत न्हाई त्याचा अर्थ.

भाषांतर करणारी (राजारामपुरी)

'आदण नंबर' फार आवडला. फौंड्रीतली 'हीट' आणि गुऱ्हाळातलं 'आदण' एकाच गरजेतून आले आहेत: एका वेळी एकत्र तापून निघालेला माल एक समजायचा. तुमच्या बॉक्सवर मी तोच शब्द ठेवीन. मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी शेजारी 'बॅच' छापायला हरकत नाही.

बारकोडला 'दंडसंकेत', 'रेषासंकेत' असे पर्याय सुचवले जातात. मी ते वापरत नाही. वुडलँड आणि सिल्व्हर या संशोधकांना बारकोडचं अमेरिकन पेटंट १९५२ साली मिळालं, आणि दुकानात माल स्कॅन होऊन विकला गेला तो जून १९७४ मध्ये, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमचं पाकीट. आपल्याकडं वस्तू आणि शब्द एकदमच आले, आणि लोकांनी 'बारकोडला', 'बारकोडचा' असे प्रत्यय लावून तो मराठी करून घेतला. जो शब्द मराठी विभक्ती चालवतो, त्याला घराबाहेर काढू नये.

एका अर्थाची दुरुस्ती मात्र व्हायला हवी. 'नंबर ८९० नं सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला' असं सर्रास सांगतात. तसं नाही. ८९० चा अर्थ एवढाच की तो नंबर जीएस-वन इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे. माल कुठंही बनलेला असू शकतो. तेरा आकड्यांपैकी शेवटच्याला मी 'तपास-अंक' म्हणते. आधीच्या बारा आकड्यांत डावीकडून विषम जागांचे आकडे जसेच्या तसे, सम जागांचे तिप्पट करून बेरीज करा. त्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जेवढे कमी पडतात, तो हा अंक. हातानं नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर इथंच पकडला जातो.

धागाकर्ता

'तपास-अंक' घेतला. 'मारणे'बद्दल शिरोलीकरांचं पटलं, 'स्कॅनर मारा' यात संदिग्धता उरत नाही.

आता आरएफआयडीकडं, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या चिपच्या टॅगकडं वळू, कारण तिथं क्रियापदं बदलतात. बारकोड स्कॅनरला 'दाखवावा' लागतो, मध्ये काही आलं की संपलं. आरएफआयडी टॅग दाखवावा लागत नाही. साध्या टॅगमध्ये बॅटरीही नसते. रीडरच्या रेडिओ लहरींतूनच त्याला शक्ती मिळते आणि तो आपला नंबर परत पाठवतो. बंद खोक्यातले पुष्कळ टॅग एका फेरीत वाचले जातात. म्हणून गोदामात 'रीडर फिरवा' म्हणतात, ते मला अचूक वाटतं.

'वाचणे' हे क्रियापद तर टोलनाक्यानंच रुजवलं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. किणी नाक्यावर 'फास्टॅग वाचला नाही' हे वाक्य कुणालाही कळतं. तोही आरएफआयडीच.

छपाईत आणखी एक क्रियापद लागतं. आरएफआयडीचं लेबल छापताना प्रिंटर वर अक्षरं छापतो आणि त्याच वेळी आतल्या चिपमध्ये नंबर टाकतो. त्याला मी 'नंबर भरणे' लिहितो. चिप खराब निघाली तर प्रिंटर त्या लेबलावर इंग्रजीत 'व्हॉइड' छापून पुढं जातो. ते लेबल चुकून मालाला लावलं जाऊ नये म्हणून कागदावर 'रद्द लेबल' असं ठळक लिहिलंय.

स्टोअर सांभाळणारा (शिरोली)

आमच्या लोखंडी नगांवर साधा आरएफआयडी लावून बघितला, वाचतच नाही. का?

धागाकर्ता

धातूवर लहरी परततात आणि टॅगच्या अँटेनाचा मेळ बिघडतो. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात, अँटेना आणि धातू यांच्यात अंतर ठेवणारा जाड थर असलेले. ते रोलच्या लेबलापेक्षा बरेच महाग. नगागणिक लावू नका. फिरत राहणाऱ्या ट्रॉल्यांना आणि साचे बनवायच्या पॅटर्नना लावा, ते परत परत वापरात येतात.

जनावरांचा डॉक्टर (करवीर)

हे जाड, टणक टॅग असतील तर त्यांना 'बिल्ला' म्हणा. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा टॅग असतो, त्यावर बारकोडही असतो. गोठ्यात त्याला कुणी टॅग म्हणत नाही, बिल्लाच म्हणतात. चिकटतं ते लेबल, अडकवतो किंवा ठोकतो तो बिल्ला, असा फरक सहज पडतो.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, हा फरक मला हवाच होता. ट्रॉलीचा बिल्ला, पेटीचं लेबल.

शेवटची अडचण. बारकोडच्या डाव्या-उजव्या बाजूला कोरी जागा लागते. रेघा कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात हे स्कॅनरला त्यावरून कळतं. ती कापली गेली किंवा तिथं मजकूर आला की रेघा स्वच्छ असूनही वाचन होत नाही. 'कोरी जागा' लिहिलं की मुलं तिथं पेनानं तारीख टाकतात.

भाषांतर करणारी (राजारामपुरी)

'समास' लिहा. वहीत समास सोडायचा, त्यात लिहायचं नाही, हे शाळेतच अंगवळणी पडलेलं असतं.

धागाकर्ता

लिहिलं: 'बारकोडच्या दोन्ही बाजूंना समास सोडा. समासात काही लिहू नका. लेबल कापताना समास कापू नका.' उद्या शिरोलीला जाताना हा कागद घेऊन येतो.