पॅलडिनने शब्द मोडला, तरी त्याची शक्ती तशीच राहायची का?

पारसिकचा_वारा

आमचा गट नेरुळला एका मित्राच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवायचा आणि फासे टाकायचा खेळ खेळायला एक रविवार सोडून एक रविवार जमतो. निम्मी मंडळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येतात, त्यामुळे खेळ संपला की सगळ्यांना स्टेशन गाठायची घाई. परवा त्या घाईतसुद्धा वाद पेटला आणि अर्धवट राहिला. तो इथे पुरा करू.

प्रसंग असा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची पाचवी आवृत्ती, सहाव्या लेव्हलची पार्टी (आमच्या पात्रांची टोळी). दरोडेखोरांचा एक टेहळ्या हाती लागला. पॅलडिनने (शपथेतून शक्ती मिळालेला योद्धा; याची शपथ डिव्होशनची, म्हणजे निष्ठेची) त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खरं सांग, जिवंत सोडतो. शब्द आहे माझा." पोराने सगळं सांगितलं. घाटातली चोरवाट, पहारा कधी बदलतो, म्होरक्या कुठे झोपतो. मग आमचा थीफ म्हणाला, "शब्द यांनी दिलाय, मी नाही." पॅलडिन चालवणारा जरा थांबला आणि म्हणाला, "मी घोड्याला पाणी दाखवून येतो." परत आला तोवर टेहळ्याचा गळा चिरलेला. डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) पुढच्या खोलीच्या वर्णनाला लागला. पुढच्या लढाईत त्याच पॅलडिनने स्माईट (शपथेच्या शक्तीचा वार) लावला, आठ बाजूंचे दोन फासे जादा, आणि टेबलावर टाळ्या.

मला हे पटत नाही. देवाच्या किंवा तत्त्वाच्या नावाने शपथ घेतली म्हणून तुम्हाला शक्ती मिळते, असं नियमांचं पुस्तकच सांगतं. शपथ मोडल्यावर शक्तीला ओरखडाही उठत नसेल, तर तो जरा जास्त चकचकीत चिलखत घातलेला फायटर, म्हणजे साधा लढवय्या झाला.

हा क्लास (पात्राचा प्रकार) १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला, तेव्हापासून त्याच्यासोबत ही अट आहे. सुरुवातीपासून लॉफुल (नियमाने चालणारं) असायला हवं, आणि एक केऑटिक (नियम झुगारणारं) कृत्य केलं की दर्जा कायमचा गेला. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकने थोडी सूट दिली: केऑटिक कृत्य असेल तर वरच्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुरोहिताकडे) कबुली आणि प्रायश्चित्त, जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर मात्र परतीची वाट नाही. एवढं कडक मी मागत नाही. पण 'पाचव्या आवृत्तीत पॅलडिन पडतच नाही', म्हणजे शक्ती गमावतच नाही, हे जे सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. शपथ मोडणाऱ्याने कबुली द्यावी, रात्रभर जागरण करावं, उपवास करावा, असं पाचव्या आवृत्तीच्याच पुस्तकात चौकट टाकून लिहिलंय. पश्चात्ताप नसेल तर क्लास सोडायला लावण्याचा अधिकारही डीएमला दिलाय. आपण ते पान उघडत नाही, इतकंच.

आणि एक. सहाव्या लेव्हलला पॅलडिनच्या दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या साथीदारांना प्रत्येक सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायला टाकलेल्या फाशाला) त्याच्या करिश्म्याचा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा) बोनस मिळतो. म्हणजे ज्या थीफने त्या पोराला मारलं, तो त्याच शपथेच्या आडोशाला उभा राहून वाचणार. हे मला सहन होत नाही.

---

मासुंदाकाठी

पूर्ण असहमत. १९७५ चा नियम सांगितलात, तर त्याचा हिशोबही पुरा सांगा. पॅलडिन व्हायला करिश्मा किमान १७ हवा. सहा बाजूंचे तीन फासे टाकून १७ किंवा १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये ४, म्हणजे ५४ जणांत एक. १९७८ च्या नियमांत तर त्याला सगळ्या सेव्हिंग थ्रोंना अधिक दोन, रोगराईपासून मुक्ती, साठ फुटांवरून दुष्टपणा ओळखायची ताकद, हाताने जखमा बऱ्या करणं, असं भरघोस दिलं होतं. त्याच्या बदल्यात दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, कमाईचा दहावा हिस्सा दान करायचा आणि आचारसंहिता पाळायची. सरळ व्यवहार होता: जास्त मिळतंय, जास्त भरा.

आज पॅलडिन इतर क्लासांच्या तोलाचा करून ठेवलाय. मग एकट्या त्यानेच जादा का भरायचं? थीफने खून केला, त्याचा स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा जादा वार) काढून घ्या असं कोणी म्हणत नाही. विझार्डने गाव जाळलं तरी त्याचं फायरबॉल शाबूत.

---

डीएम_ऐरोली

मी डीएमच्या खुर्चीतून बोलतो. पॅलडिनची शक्ती काढून घेण्याचा अधिकार मला नको. तो हातात आला की वापरायचा मोह होतो.

तिसऱ्या आवृत्तीत संहिता अशी होती: कायदेशीर सत्तेचा मान राखा, खोटं बोलू नका, विष वापरू नका, गरजवंताला मदत करा, निष्पापांना छळणाऱ्याला शिक्षा करा. आता कायदेशीर राजाच निष्पापांना छळत असेल तर? तेव्हा मी खेळाडू होतो. आमच्या डीएमने नेमका असा राजा उभा केला. राजाचं ऐकलं तरी पडलो, बंड केलं तरी पडलो. दोन्ही दारांवर एकच खड्डा खणलेला. मी शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) फाडली नाही, पण पुढची काही वर्षं पॅलडिन घेतला नाही.

यावर चांगला तोडगा पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. तिथे क्लासचं नाव चॅम्पियन, आणि नियमांना उतरंड लावलेली आहे. दोन नियम भिडले की वरचा चालतो. दुष्ट राजाने विचारलं, 'निर्वासित तुझ्या देवळात लपलेत का?', तर पॅलडिन खोटं बोलू शकतो, कारण निष्पापांना इजा होऊ न देणं हे खरं बोलण्याच्या वर आहे. हे उदाहरण खुद्द पुस्तकातलं आहे. खेळाडूला आधीच कळतं की कुठली रेघ जाड आहे. अशी उतरंड नसताना 'तू पडलास' म्हणणं म्हणजे परीक्षेनंतर अभ्यासक्रम हातात देणं.

---

निळी_शाई

धागाकर्त्याशी सहमत.

युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. द्रोणपर्वात 'अश्वत्थामा मेला' असं मोठ्याने आणि 'हत्ती' हळूच म्हटल्याबरोबर घोडे जमिनीला टेकले. अक्षराने बघाल तर तो खोटं बोललाच नव्हता. रथाला अक्षराशी देणंघेणं नव्हतं. 'मी घोड्याला पाणी दाखवून येतो' हे वाक्यही अक्षराने खरं आहे, घोड्याने पाणी प्यायलंच असेल. अशा वाक्यांची किंमत चार बोटं असते आणि ती तिथल्या तिथे वसूल व्हायला हवी.

---

मासुंदाकाठी

@निळी_शाई, रथ टेकला, पण धनुष्य हातातून गळालं नाही. तो लढत राहिला, राज्यावर बसला. इंद्र त्याला नरक दाखवतो तो थेट स्वर्गारोहणपर्वात, आणि कारणही सांगतो की द्रोणाला फसवलंस म्हणून. हे कथेतलं फळ झालं. मी तेच मागतोय.

---

घणसोली_रात्रपाळी

चौथ्या आवृत्तीत (२००८) यावर एक उत्तर होतं, त्याची कोणी आठवण काढत नाही. एकदा दीक्षा मिळाली की पॅलडिन कायमचा पॅलडिन, शक्ती काढून घेता येत नाही. भरकटला तर त्याच्याच पंथाचे लोक त्याला शासन करायला येणार. मला हे फार आवडतं, कारण आकाशातून कुणी बटण बंद करत नाही. दारात माणसं येतात आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं.

---

कोपरीकर

तो पॅलडिन माझा आहे.

मी ते वाक्य विचार करून बोललो होतो. डिव्होशनच्या शपथेत पाच गोष्टी आहेत: सचोटी, धैर्य, करुणा, इभ्रत, कर्तव्य. इथे सगळे सचोटीवर अडकलेत. माझ्या मते माझा माणूस खोटं बोलला नाही. तो भ्याला. शत्रूला तो कधी भ्यालेला नाही, पण चार महिने ज्यांच्यासोबत एका शेकोटीवर जेवला त्यांच्यासमोर उभं राहून 'हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे' म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. मला असाच माणूस खेळायचा होता. तलवारीपुढे वाघ आणि मित्रांपुढे गप्प. असे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत.

माझी तक्रार वेगळी आहे. परत आल्यावर मी म्हणालो, "मी प्रेताजवळ बसतो." कोणी ऐकलं नाही, सगळे त्याचे खिसे तपासत होते. मला पाच मिनिटं हवी होती. थीफशी भांडायचं होतं, कदाचित त्या पोराला पुरायचं होतं. शीटवरून काही खोडलं असतं, तर या सगळ्याच्या जागी फक्त एक आकडा बदलला असता आणि सगळे म्हणाले असते, झाली शिक्षा, चला पुढे. म्हणून मी परवाही विरोध केला आणि आताही करतो.

---

पारसिकचा_वारा

@कोपरीकर, धैर्याचा मुद्दा मान्य. पण कर्तव्याच्या कलमात स्वतःच्या कृतीच्या परिणामांची जबाबदारी घेणं आहे, आणि आपल्या भरवशावर असलेल्यांचं रक्षणही. हात बांधलेला माणूस तुझ्या शब्दावर बोलला, त्या क्षणी तो तुझ्या भरवशावर आला. त्याला तुझ्याशिवाय कोणी नव्हतं.

आकड्याचं म्हणशील, तर माझा अनुभव नेमका उलटा. आपल्या टेबलावर आकडा बदलला तरच लोक थांबतात. तू प्रेताजवळ बसलास ते कोणी ऐकलं नाही, कारण त्याने खेळात काहीच हललं नाही. त्याच वेळी डीएम म्हणाला असता की 'तू हात ठेवतोस, पण हातातून ऊब येत नाही', तर खिसे तपासणारे पाचही जण गप्प झाले असते. तुझी पाच मिनिटं तुला तिथे मिळाली असती.

@मासुंदाकाठी, विझार्डने कोणाला वचन दिलेलं नसतं. पॅलडिन घेताना खेळाडू ते स्वतःहून देतो. ज्याला कुठल्याही मार्गाने शत्रू संपवायचा आहे, त्याच्यासाठी व्हेंजन्सची (सूडाची) शपथ त्याच पुस्तकात आहे. त्याने ती घ्यावी, माझं काही म्हणणं नाही.

माझा ठोस प्रस्ताव: स्माईट राहू दे. ऑरा (ते दहा फुटांचं संरक्षण) राहू दे. लेइंग ऑन हँड्सचा (हात ठेवून जखमा भरायच्या शक्तीचा) साठा, सहाव्या लेव्हलला तीस हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण), तो मात्र प्रायश्चित्त होईपर्यंत रिकामा.

---

मासुंदाकाठी

म्हणजे मार पार्टीला. तीस पॉइंट गेले तर पुढच्या लढाईत मरणार आमची क्लेरिक, जिने त्या दिवशी एकटीने 'मारू नका' म्हटलं असेल. हा न्याय कुठला?

---

सानपाड्याची_सई

आमच्या टेबलावर पॅलडिन घेणाऱ्याला मी पहिल्याच बैठकीत तीन प्रश्न विचारते आणि उत्तरं शीटच्या मागे लिहून घेते. तुझी शपथ मोडली हे कोणी म्हणायचं, तू की डीएम? मोडली तर तुला शीटवर काही बदललेलं चालेल का? आणि परत येण्यासाठी तुझा माणूस काय करेल? काही जण दुसऱ्या प्रश्नाला स्पष्ट 'नाही' लिहितात, मग मी त्या वाटेला जात नाही. ज्यांनी 'हो' लिहिलंय त्यांच्या बाबतीत मला कधी वाद घालावा लागलेला नाही. 'आज माझी शपथ मोडली' असं ते आपणहून सांगतात, कधी कधी मला वाटतही नसताना.

धागाकर्त्याचा नियम आणि कोपरीकरांची पाच मिनिटं, दोन्ही यात बसतं. पण मधेच, मोहिमेच्या अर्ध्यात, कोणाच्या शीटला हात लावायला माझा विरोध आहे.

---

कोपरीकर

मग आता लिहितो, उशिरा का होईना. मोडली असं मी म्हणतो. साठा रिकामा चालेल, पण क्लेरिकला विचारून. ती नाही म्हणाली तर नाही. आणि कबुली मी कुठल्या देवळात देणार नाही. त्या पोराने बोलताना खालच्या वाडीचं नाव घेतलं होतं. त्याच्या घरी जाऊन सांगणार की शब्द माझा होता.

---

डीएम_ऐरोली

आणि घरच्यांनी माफ केलं नाही तर? साठा कोण भरणार, तुमचा डीएम, पुस्तक की ती माणसं? रविवारी जायच्या आधी हे ठरवून घ्या.