ग्राहकाचा फोन कसा घ्यावा?

प्रश्न: नाशिकमध्ये आमचे छपाईचे छोटे दुकान असून यंत्राच्या आवाजात लग्नपत्रिकांची चौकशी करणाऱ्यांशी माझे बोलणे तुटक होते. काय करावे?

उत्तर १: यंत्रापासून दूर जाऊन, दुकानाचे नाव सांगून नमस्कार म्हणावा. पत्रिकेचा मजकूर मात्र फोनवर उतरवून घेऊ नये. ‘सुमित’ आणि ‘सुमीत’ यांतला फरक कानाला कळत नाही, म्हणून नावे, तिथी व मुहूर्त व्हॉट्सॲपवर लिहून मागवावेत.

उत्तर २: दर विचारल्यास ‘या, मग बघू’ असे म्हणू नये. १०० पत्रिकांचा कागदानुसार अंदाज सांगावा आणि त्यात जीएसटी धरला आहे की नाही, हेही स्पष्ट करावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मुहूर्ताचा घोळ गेल्याच महिन्यात झाला आणि २०० पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या.