अश्वत्थामा, बकासुर, कैकेयी: त्यांच्या बाजूने कथा सांगताना (अनुभव)

सातपुड्यात अश्वत्थाम्याचा मानला जाणारा अस्तंबा डोंगर आहे, धनत्रयोदशीला त्याची यात्रा निघते. त्या निमित्ताने, बदनाम पात्रांच्या तोंडून रामायण-महाभारत लिहिणाऱ्या आणि सांगणाऱ्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको. काय जमतं आणि कुठे बिघडतं, तेवढं सांगा.

तळोदा
अश्वत्थाम्याची कथा सौप्तिक पर्वापासून, म्हणजे रात्रीच्या कत्तलीपासून, सुरू केली की फसते. झोपलेल्यांना कापणारा माणूस आधी दिसला, तर नंतर कितीही समजावा, ऐकणारा जागचा हलत नाही. महाभारताच्या पहिल्या, आदिपर्वात जा. द्रोणाच्या घरी गाय नाही. सोबतची पोरं पिठाचं पाणी दूध म्हणून पाजतात आणि हा 'दूध प्यालो' म्हणत नाचतो. तिथून थेट युद्धाचा पंधरावा दिवस: भीमाने मारलेला हत्ती, धर्मराजाचं अर्धवट वाक्य, शस्त्र टाकून बसलेल्या द्रोणाचं तोडलेलं मस्तक. मग युद्ध संपल्यावरची ती रात्र. वडावर झोपलेल्या कावळ्यांना एकटं घुबड मारतं, हे तो पाहतो. इथे घाई करू नका. कृपाचार्य त्याला 'सकाळपर्यंत थांब' म्हणतात. हा संवाद गाळला तर सगळा दोष रागावर जातो आणि निर्णय त्याचा उरतच नाही.

शहादा
वरच्यात एक भर. 'पांडव समजून चुकून द्रौपदीची मुलं मारली' हे बहुतेकजण घालतात, कारण त्याने पात्र सोपं होतं. सौप्तिक पर्वात ती मुलं जागी होऊन त्याच्यावर बाण सोडतात, सुतसोम तलवार उपसून त्याच्यावर धावून येतो. शेवटी त्याने आणि अर्जुनाने सोडलेल्या ब्रह्मास्त्राचंही तसंच. अर्जुनाने आपलं मागे घेतलं, याला ते जमत नव्हतं, इथवर कीव येते. पण ते अभिमन्यूच्या बायकोच्या, उत्तरेच्या, गर्भाकडे वळवलं ते जाणूनबुजून. हे त्याच्याच तोंडून यायला हवं. लपवलं तर ती कथा राहत नाही, वकिली होते.

दुसरं म्हणजे ग्रंथ आणि सातपुड्यातल्या लोककथा यांची सरमिसळ. महाभारतात तो मणी देतो, तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप घेतो आणि वनात जातो. जखमेला तेल मागणारा, चुकलेल्या यात्रेकरूला वाट दाखवणारा अश्वत्थामा लोकांचा आहे. शापापर्यंत एक आवाज ठेवा, पुढे दुसरा. आणि यात्रेला जाणाऱ्यांसाठी तो देव आहे, ऋषी आहे. त्यांच्यापुढे 'बिचारा' हा सूर चालत नाही.

एरंडोल
भीमाने बकासुराला मारलं ती एकचक्रानगरी म्हणजे आपलं एरंडोल, ही या भागातली समजूत. त्यामुळे इथे बकासुर म्हटलं की सगळे भीमाच्या बाजूने बसतात. पण आदिपर्वातला यजमान ब्राह्मण काय सांगतो ते नीट वाचा: राजा दुबळा आहे, शत्रूपासून नगरी राखतो तो हा बक, आणि त्या बदल्यात गाडाभर भात, दोन रेडे व ते घेऊन येणारा माणूस, अशी घरटी पाळी लागलेली. म्हणजे बकाकडे बोलायला भक्कम मुद्दा आहे: 'राखण मी केली, ठरलेलं घेतलं.' कथा याच करारावर उभी करा. राक्षसाला एकाकी, हळवा वगैरे करायची गरजच नाही. मात्र ब्राह्मणाच्या घरातलं रडणं कापू नका. आई, बाप, मुलगी, तिघेही 'मी जातो, मी जाते' म्हणतात आणि लहानगा गवताची काडी उचलून 'हिने राक्षसाला मारतो' म्हणतो. ती काडी राहिली तरच बकाचं म्हणणं पारखता येतं.

धुळे
कैकेयीसाठी, युद्धात दशरथाच्या रथाच्या चाकात बोट घातल्याचा प्रसंग सगळे वापरतात. वाल्मीकींमध्ये तो नाही. तिथे ती जखमी दशरथाला रणातून बाहेर काढते, एवढंच. त्याहून कामाचं पुढे आहे: तुझ्या आईच्या लग्नात दशरथाने तिच्या बापाला राज्याचा शब्द दिला होता, हे भरताला खुद्द राम सांगतो.

अमळनेर
अहिराणीत सांगताना अस्त्रांची, माणसांची नावं तशीच ठेवा, बाकी बोलणं घरचं. 'मना बापले कसं मारं?' एवढ्यावर माणसं सावरून बसतात. लांब समास आले की पारावरची पोरं उठतात. आणि 'मी' धरला की पात्राला ठाऊक नसलेलं काही येऊ देऊ नका. दुर्योधनाच्या शेजारी उभ्या असलेल्या अश्वत्थाम्याला कृष्णाच्या तंबूतली मसलत कळायचं कारण नाही.