ओढ्यापलीकडच्या शेतातून उसाची ट्रॉली काढण्यासाठी कमी खर्चात काय बांधावे?

येरळाकाठ (कडेगाव):
नमस्कार. आमची तीन एकर जमीन ओढ्याच्या पलीकडे आहे. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून तिथे ऊस घेतो, परंतु ट्रॉली फडापर्यंत जात नसल्यामुळे तोडणी टोळीला मोळ्या डोक्यावरून ओढ्याच्या अलीकडे आणाव्या लागतात आणि मुकादम त्याचे वेगळे पैसे मागतो. ओढ्याचे पात्र सुमारे 9 मीटर रुंद असून काठ दीड मीटर उंच आहेत. तळाला गाळ-वाळूचा थर आणि त्याखाली कठीण मुरूम लागतो. तोडणीच्या दिवसांत घोट्याएवढे पाणी असते, पण परतीच्या पावसात ओढा काठोकाठ भरून वाहतो. एक मीटर व्यासाचे तीन सिमेंट पाईप टाकून त्यावर काठाच्या उंचीपर्यंत मुरूम भरावा, असे गवंड्याचे म्हणणे आहे. ट्रॅक्टर आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या एवढे वजन त्यावरून जाईल. हे टिकेल का?

निवृत्त उपअभियंता (सातारा):
आपण मापे दिलीत हे फार चांगले केले, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या मापांतच आहे. काठोकाठ भरलेल्या ओढ्याचा छेद 9 गुणिले दीड, म्हणजे साडेतेरा चौरस मीटर होतो. पुराचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला, तरी सेकंदाला 27 घनमीटर पाणी येते. आपल्या तिन्ही पाईपांचे मिळून क्षेत्रफळ 2.36 चौरस मीटर आहे, त्यामुळे त्याच वेगाने त्यांतून पाच घनमीटरही पाणी जाणार नाही. उरलेले सगळे पाणी भरावावरून किंवा भरावाच्या बाजूने वाट काढील आणि सुटा मुरूम एका रात्रीत वाहून जाईल. पूर पाईपांतून काढण्याचा विचारच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बांधकाम बुटके ठेवावे आणि पूर त्याच्या डोक्यावरून जाऊ द्यावा. तोडणीच्या दिवसांत घोट्याएवढेच पाणी असेल, तर पाईप नसलेली, तळाला टेकलेली काँक्रीटची फरशी पुरेशी आहे.

माणदेशी शेतकरी (आटपाडी):
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या शिवारात एकाने पाईपची मोरी घातली होती. पहिल्याच मोठ्या पावसात बाभळीच्या फांद्या आणि उसाचे पाचट पाईपांच्या तोंडाशी असे घट्ट बसले, की पाण्याने मोरीला हात न लावता शेजारचा काठ चार-पाच मीटर कापून नेला. मोरी पात्राच्या मध्ये उभी राहिली आणि ओढा तिच्या बाजूने वाहू लागला. फरशीला तुंबायला जागाच नसते. मात्र आपण दोन्ही काठांच्या उताराचा विचार केलेला दिसत नाही, आणि खरा त्रास तिथेच होतो. भरलेली ट्रॉली चढवायची, तर दहास एक यापेक्षा तीव्र उतार ठेवू नये. दीड मीटर काठासाठी याचा अर्थ प्रत्येक बाजूला 15 मीटर लांबीची उतरण असा होतो. काळ्या मातीत नुसता मुरूम टाकला तर चाके रुततात, म्हणून माती काढून, डबराचे सोलिंग करून, त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवावा. दोन ट्रॉल्या एकदम न ओढता एकेक बाहेर काढणे केव्हाही चांगले.

येरळाकाठ:
मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार. फरशी किती जाडीची करावी आणि ती खालून उखडू नये यासाठी काय करावे?

निवृत्त उपअभियंता:
फरशी वरच्या वजनाने सहसा मोडत नाही. खालच्या अंगाला पाणी पडून तळ खणला जातो, फरशी अधांतरी होते आणि मग पहिल्याच ट्रॉलीखाली तुटते. म्हणून खर्च कुठे वाचवायचा असेल तर रुंदीत वाचवावा, पण दोन्ही कडांच्या भिंतींत वाचवू नये. वरच्या आणि खालच्या अंगाला चर खणून, गाळ-वाळू ओलांडून कठीण मुरमात किमान एक फूट शिरेल अशी काँक्रीटची भिंत घ्यावी. खालच्या भिंतीपुढे दोन-तीन मीटरपर्यंत मोठे दगड तारेच्या जाळीत बांधून बसवावेत. फरशी 4 मीटर रुंद आणि दोन्ही उतरणींवर तीन-तीन मीटर चढवून एकूण 15 मीटर लांब करावी. सोलिंगवर 20 सेंटिमीटर जाडीचे, सळईची जाळी घातलेले एम-20 काँक्रीट घ्यावे. याला 12 घनमीटर काँक्रीट, म्हणजे सुमारे शंभर पोती सिमेंट लागेल. भिंतींचा माल वेगळा धरावा. काम एप्रिल-मेमध्ये, पात्र कोरडे असताना करावे आणि उन्हाळा असल्याने दोन आठवडे गोणपाट ओले ठेवावे.

बांधावरचा वकील (विटा):
एक बाब राहिली. ओढ्याचे पात्र आपल्या दोन गटांमधून जात असले तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे ते शासनाचे असते. त्यामुळे तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून, साधा नकाशा जोडून परवानगी घ्यावी. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, विनापरवाना अडथळ्यामुळे पाणी तुंबून शेतीचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर शेजारी सहा महिन्यांच्या आत दाद मागू शकतो आणि अडथळा काढण्याचा आदेश होऊ शकतो. तळाला टेकलेल्या फरशीने पाणी फारसे तुंबत नाही, हा मुद्दा अर्जात जरूर लिहावा आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची लेखी संमती जोडावी. गावनकाशावर ती वाट पाणंद म्हणून दाखवलेली असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत सरकारी खर्चातून काम होण्याची शक्यताही आधी तपासावी.

निवृत्त उपअभियंता:
फरशीच्या दोन्ही कडांना दीड-दोन मीटर अंतरावर वीतभर उंचीचे, पांढरा रंग दिलेले दगड काँक्रीटमध्येच बसवावेत, म्हणजे पाण्याखालीही चालकाला कड समजेल. ते याहून उंच करू नयेत, त्यांना काटक्या अडकतात. दगड दिसेनासे झाले, की पाणी उतरेपर्यंत ट्रॅक्टर अलीकडेच थांबवावा.