आप्पांनी लावलेली रताळी आई काढू देईना. काय करू?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या बाजूला. आर्द्रा नक्षत्रात आप्पांनी अर्ध्या एकरात रताळ्याचे वेल लावले आणि 18 दिवसांनी अटॅकनं गेले. शेतातनं आले, पाय धुतले, चहा मागितला. चहा उकळायच्या आत संपलं.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, भजनी मंडळ रोज यायचं. मग मी कागदांच्या मागे लागलो. मृत्यूचा दाखला, बँक, उताऱ्यावर वारसा. सगळं कानडीत, मला बोलता येतं, वाचताना अडखळतो. त्यात आधारवर आप्पांचं नाव एक, उताऱ्यावर दुसरंच. पण खरं सांगतो, त्या हेलपाट्यांनीच मला सावरलं. आईला असं काही कामच नव्हतं.

रताळी तयार होऊन महिना झाला. बैलजोडी सांगितली होती, ती बांधावरनं परत गेली. आई सरीत बसून राहिली. म्हणाली, "त्यांच्या हातचं शेवटचं हाय रे, एवढं राहू दे की." दुसऱ्या दिवशी मी गुपचूप एक वेल उपसला. एका रताळ्याला भुंग्याची भोकं, दुसरं उंदरानं अर्धं खाल्लेलं. पैशाचं काही नाही म्हणतो खरं, पण सोसायटीचं कर्ज आहेच.

आई पहाटे तीनला उठून बसते. जेवण अर्धी भाकरी. बीपीची गोळी हातात दिली तरच घेते.

धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत. म्हणतो, आईला मावशीकडं पाठव आणि नांगर घाल, दोन दिवस रडेल. मला राग येतो त्याचा. पण हाच रात्री अकराला फोन करतो, बराच वेळ गप्प असतो, मग विचारतो, "आप्पांचं सिमकार्ड बंद केलं नाहीस न्हवं?"

रताळी काढावीत का, आणि कशी? आणि आईला कुणाला दाखवू? इथं धारवाडचं नाव काढलं की लोक वेड्यांचा दवाखानाच समजतात. शिवाय तिची कानडी बाजारापुरती. मनातलं कानडीत कसं सांगणार ती?

प्रतिसाद:
दादा, आधी 14416 ला फोन लावा. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोन-सेवा. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलायचंय म्हणून सुरुवातीलाच सांगा. पहिल्यांदा तुम्हीच बोला, आईला लगेच बसवू नका. झोप आणि जेवणाचं बीपीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा, ते लांबवू नका.

चोरून नांगर अजिबात घालू नका, ती कधी विसरणार नाही. रताळ्याची लागण वेलाचे तुकडे लावूनच होते, हे आईला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. भुंगा न लागलेले वेल तिलाच निवडू द्या, घरामागच्या परड्यात लावा, उन्हाळाभर जगवा. पावसाळ्यात तेच शेतात. मग बाकीचं काढा.

धागाकर्ता:
आभारी आहे. फोन काल केला. वीस मिनिटं मीच रडलो, आईचं सांगायचं राहूनच गेलं. आज परत करतो.

वेलांचं आईच्या कानावर घातलं. हो नाही म्हणाली, नाही पण नाही म्हणाली. भाकरी थापता थापता विचारलं, "परड्यातल्या हिरीला चैतात पाणी ऱ्हातंय काय रे?"