पॅनेल की एक्सोम? तान्ह्या बाळाचे जन्मजात जुलाब

पेशी: दहा दिवसांचं बाळ, पहिल्या दिवसापासून पाण्यासारखी शी, कल्चर निगेटिव्ह (जंतू सापडले नाहीत). जन्मजात जुलाबांचं पॅनेल (ठरावीक जनुकांची तपासणी) पाठवावं की सरळ एक्सोम (सगळ्या जनुकांच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांची तपासणी)? एकदा रक्त चढवलंय, त्याने रिपोर्ट बिघडेल का?

निळीशाई: आधी शी तपासा, जनुकं नंतर. वॉर्डात सलाईनवर ठेवून तोंडाने देणं बंद केल्यावर शी थांबली, तर दोष शोषणात आहे. त्यातला ग्लुकोज-गॅलॅक्टोज न शोषण्याचा आजार (जनुक एसएलसी५ए१) आधी डोक्यात ठेवा, कारण त्यात नेहमीचं ओआरएस दिलं तर जुलाब वाढतात.

उपाशी ठेवूनही चालूच राहिली, तर शीतल्या सोडियम-पोटॅशियमची बेरीज दुप्पट करून २९० मधून (शीची नेहमीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण) वजा करा. उत्तर ५० च्या खाली आलं तर सिक्रीटरी (आतडंच पाणी-क्षार सोडतंय), १०० च्या वर गेलं तर ऑस्मोटिक (न शोषलेले पदार्थ पाणी ओढतायत). शीतलं क्लोराइड ९० मिलिमोल प्रतिलिटरच्या वर आणि रक्तात अल्कलोसिस (आम्लता कमी) असेल तर एसएलसी२६ए३ जनुकाचा दोष. मात्र बाळ कोरडं पडलेलं असताना क्लोराइडचा आकडा खोटा कमी येतो. पाणी-क्षार भरून काढा आणि पुन्हा मोजा.

खरा घोळ नमुना घेताना होतो. इतकी पातळ शी डायपरमध्ये जिरते आणि सगळे तिला लघवी समजतात. लघवीची पिशवी लावा, डायपर उलटा बांधा म्हणजे प्लास्टिकची बाजू आत येईल, आणि साचलेलं पाणी सिरिंजने ओढा.

बाराखडी: शीच्या तपासणीतून बोट एका जनुकाकडे जात असेल तर पॅनेल पुरे. तसं नसेल आणि बाळ खालावत असेल तर आई-बाबांसह ट्रायो एक्सोम, तोही रॅपिड. यातले बहुतेक आजार रिसेसिव्ह (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारे). दोन बदल सापडले तरी ते एकाच प्रतीवर आहेत की दोन वेगळ्या, हे आई-बाबांच्या नमुन्यांशिवाय बहुधा कळत नाही. मोठे तुटलेले तुकडे एक्सोममधून निसटू शकतात, म्हणून डिलीशन (असे गळालेले तुकडे) बघता का, हे लॅबला आधीच विचारा.

रक्त ईडीटीएच्या जांभळ्या टोपीच्या नळीत द्या. हिरव्या टोपीतलं हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेला) अडवतं. चढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या असतील तर फारसा फरक पडत नाही, तरी तारीख फॉर्मवर लिहाच. गालाच्या आतला स्वॅब घेणार असाल तर अंगावर पाजल्या पाजल्या नको, त्यात आईच्या पेशी येतात. गरोदरपणात गर्भजल जास्त होतं का, बाळाला काळी शी झाली का, नात्यात लग्न आहे का, हेही लिहा. नुसतं 'डायरिया' लिहिलेल्या फॉर्मवरून लॅबने काय शोधायचं?

पेशी: आणि व्हीयूएस (घातक की निरुपद्रवी हे न ठरलेला जनुकबदल) आला तर?

निळीशाई: त्यावर निदान ठोकू नका. आतड्याची बायोप्सी जुळते का बघा: बदल एमवायओ५बी जनुकात असेल तर सीडी१० प्रथिनाचं स्टेनिंग आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, ईपीकॅम जनुकात असेल तर त्याच प्रथिनाचं स्टेनिंग. एसएलसी५ए१ चा संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता फ्रुक्टोजचा फॉर्म्युला सुरू करा. शी बहुतेकदा रिपोर्टच्या आधीच उत्तर देते.