वाड्याच्या लाकडी सांध्यांत निघालेलं जुनं भरण ओळखायचं कसं?

नारायणपेठकर:
नमस्कार. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला आहे. दुरुस्ती काढली आहे. तावदानांभोवती पांढरट, टणक भरण निघालं. सागवानी खांब आणि भिंत यांच्यातल्या फटीत काळं, ऊन लागलं की चिकट होणारं. ते १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर भरलं, असं आजोबा सांगायचे. शिवाय धुराड्याभोवती करड्या दोरीची गुंडाळी आहे. कंत्राटदार म्हणतो, ग्राइंडर मारू आणि सिलिकॉन भरू. मला पटत नाही.

सुताराची लेक:
ग्राइंडर आजच थांबवा. दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. पेटवूनही बघू नका, काचतंतूची दोरीसुद्धा जळत नाही. ओढू नका, झाडू नका. प्लास्टिकने झाकून ठेवा आणि नमुना घ्यायला जाणकार माणूसच बोलवा. निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

पांढरं बहुधा लुकण, म्हणजे काच बसवायची पुट्टी, असेल. माझे बाबा खडूची पूड अळशीच्या तेलात मळून ते करायचे. ताज्या तुटलेल्या कडेला तेलाचा वास येतो. चुन्याच्या भरणात वाळूचे कण दिसतात आणि ते बोटांनी भुगा होतं. लिंबाचा रस टाकला तर दोन्ही फसफसतात, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नका. जुन्या लुकणात सफेदा किंवा शेंदूर, म्हणजे शिसं, असायचं. जुन्या रंगातही असतं. घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आली. तपासणी होईपर्यंत कोरडा पॉलिशपेपर नको, हीट गनही नको.

काळ्यासाठी पांढऱ्या फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन घासा. फडकं गडद तपकिरी झालं तर रस्त्याचं डांबर, नुसतं पिवळसर झालं तर कोलतार, म्हणजे दगडी कोळशापासूनचं डांबर. कोलतार अंगाला लागू देऊ नका, त्याने कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे घालाच.

चुनेवाला:
सिलिकॉनला माझाही विरोध. साग पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. भिंतीकडच्या फटीत ताग ठासून वर चुना भरा. पुढे हलला तर पुन्हा भरता येतो.

नारायणपेठकर:
ग्राइंडर बंद केला, दोरी झाकली. फडकं गडद तपकिरी झालं. ते डांबर काढू की राहू देऊ?

सुताराची लेक:
आधी तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, खांब टोच्याने टोचून पाहा. डांबराआड पाणी अडकलं तर सागाचाही बुंधा कुजतो. टोच्या सहज आत गेला तर तिथलं डांबर काढा, लाकूड वाळू द्या आणि मगच चुना भरा. लाकूड घट्ट लागलं तर हात लावू नका.